यशोदाबाई आणि सावरीची फळी

पोस्टकार्ड दुपारच्या टपालानं आलं. एक कोपरा फाडलेला होता... म्हणजे अक्षर वाचायच्या आधीच कळलं, कुणीतरी गेलं. ‘आमच्या सासूबाई यशोदाबाई मंगळवारी सकाळी वारल्या. तुम्हाला कळवायचं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.’ एवढंच. खाली पुष्पाची सही. पुष्पा माझी विद्यार्थिनी; ‘व’ अजूनही तसाच काढते, पोट फुगलेला. कार्ड हातात धरून मी रामदासपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत उगाच इकडून तिकडे फिरत राहिले. संध्याकाळी माझी मुलगी सुजाता कॉलेजातून आली. कार्ड वाचून म्हणाली, “आई, कोण होत्या ह्या?” काय सांगणार? नातं नाही, जात नाही, गाव नाही... मी म्हटलं, “हिनं मला पाण्यावर उभं राहायला शिकवलं.” तिला ती म्हण वाटली. ती म्हण नव्हती.

वीस-एकवीस वर्षांपूर्वी मी शिक्षिकेचं ट्रेनिंग पुरं केलं तेव्हा आमच्या घरात सरकारी कागदावर नाव आलेली मी पहिलीच. वडील गिरणीत. दीक्षाभूमीवर ते मला खांद्यावर घेऊन गेले होते, आणि तिथून परतताना म्हणाले होते म्हणे, आता ही पोरगी शिकन. ती शिकली, आणि भिवापूरच्या पुढच्या एका आडगावी नेमणूक झाली. ऑर्डरवर शाळेचं नाव होतं, तळ्याचं नव्हतं. राहायला खोली मिळाली ती तळ्याच्या अलीकडच्या गावात, यशोदाबाईच्या घरी. शाळा पलीकडच्या काठावरच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. मध्ये मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, बांधलेला तलाव, अर्धा मैल रुंद. उन्हाळ्यात काठाकाठानं पायवाट होती. पाऊस लागला की त्या वाटेवरचा नाला भरून वाहायचा आणि वाट दिवाळीपर्यंत बंद. आधीचे मास्तर त्या दिवसांत शाळाच बंद ठेवत. म्हणूनच त्यांची तक्रार झाली, आणि म्हणूनच मी तिथे आले होते.

पाण्याची भीती मला आठव्या वर्षापासूनची. आमच्या वस्तीजवळच्या तळ्यावर शेजारची कुसुम माझ्यासोबत कपडे धुवायला आली होती. शेवाळलेल्या पायरीवरून ती सरकली. ओरडलीसुद्धा नाही. तिची वेणी थोडा वेळ पाण्यावर दिसली... मग ती पण नाही. त्यानंतर बादलीवर वाकून तोंड धुतानाही माझा श्वास अडकायचा. हे मी ट्रेनिंगच्या मुलाखतीत कशाला सांगेन?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नाला भरला. मी ओट्यावर बसून होते. यशोदाबाई तळ्यावरून आली. वय चाळिशीचं, हाडापेराची काटक बाई, कासोटा घातलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. त्यांचं घर ढिवरांचं, मासेमारांचं. मासे पुरुषांचे आणि शिंगाड्याची शेती बायकांची. गावात डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, दोनच; ते पहाटेपासून जाळ्यावर. बायका मात्र एकेका फळीवर उभ्या राहून, हातात वल्हं घेऊन, घागर आणायला निघाल्यासारख्या शिंगाड्याच्या वेलांत जायच्या यायच्या.

“बाई, शाळेत काहून नाई गेल्या?”

“नाल्याला पूर आहे.”

“मंग? नाल्यातून कोन जाते? तळ्यावरून जाजा.”

 तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. तळ्याचं नाव काढताच मी ओट्याचा खांब घट्ट धरला होता. ती हसली नाही. पुढे येऊन तिनं मला कमरेत धरलं आणि सरळ वर उचललं! मी किंचाळले. मला खाली ठेवत ती म्हणाली, “वजन पाहून राहिली. फळी वजनावर घ्या लागते.”

तिची स्वतःची फळी हातभर रुंद, जाड पण हलक्या लाकडाची. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात, तिनं मला त्यावर चढवलं. मी उभी राहायच्या आधीच फळी माझ्याखालून निसटली. नाकातोंडात पाणी गेलं, आणि मला कुसुमची वेणी दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं घरचं एक जुनं सागवानी कवाड आणलं. ते रुंद होतं खरं, पण जड. मी उभी राहिले की पाणी घोट्यावर यायचं, आणि पायाखाली काहीच नाही असं वाटायचं. तिसऱ्या वेळी ती सुताराकडे गेली. सावरीच्या लाकडाच्या तीन फळ्या जोडून, खालून आडव्या पट्ट्या ठोकून, डांबर फासून एक लांब फळी करून घेतली. माझ्यापेक्षा दोन हात लांब, दीड हात रुंद. सावर हलकी, पाण्यावर पिसासारखी राहते. “लांब फळी सरळ जाते, आखूड गरगर फिरते,” ती मला समजावत होती. “अरुंद फळी पळते, रुंद फळी सांभाळते. तुमाले आता पळाचं नाई. सांभाळाचं हाय.” वल्हं तिनं माझ्या उंचीवर कापलं. हात वर केला की मुठीत टोक आलं पाहिजे.

आठ दिवस मी फळीवर नुसती पालथी पडायला शिकले. मग गुडघ्यांवर. मग एक पाय पुढे, मग दुसरा. गुडघे ढिले ठेवायचे. पायांकडे बघायचं नाही, मागे बघायचं नाही, पलीकडच्या पिंपळाकडे बघायचं. पडायचंच असेल तर फळीपासून लांब पडायचं, म्हणजे डोकं आपटत नाही. ती शेजारी पाण्यात उभी राहून बोलत असे आणि मी रडत असे. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. एक तरुण शिक्षिका, सरकारी नोकर, गुडघे टेकून फळीवर भोकाड पसरून रडायची. काठावर भांडी घासणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या, आणि यशोदाबाई त्यांच्यावर खेकसायची, “तुमी आईच्या पोटातून पोहत आल्या होत्या काय वं?”

माझ्या पायाला ती एक दोर बांधत असे; दुसरं टोक फळीला. फळी सुटून जाऊ नये म्हणून. ती गाठ ती स्वतः बांधायची, दोनदा ओढून बघायची.

ऑगस्टात मी तिच्यासोबत शाळेत जायला लागले. ती पुढे, मी मागे. भीती कमी झाली नव्हती, तिला फक्त वेळापत्रक मिळालं होतं. सकाळी साडेनऊ ते दहा, आणि संध्याकाळी पाचच्या पुढे. एका दुपारी आभाळ भरून आलं म्हणून मी शाळा लवकर सोडली आणि यशोदाबाईची वाट न बघता, तिच्यासारखीच गाठ माझी मी बांधून, एकटीच निघाले. तळ्याच्या मध्यावर वारा सुटला. फळी आडवी झाली, मी पायांकडे पाहिलं... आणि पडले. पडले ती थेट शिंगाड्याच्या वेलांत. वर यायला गेले तर पाय वर येईना. दोर वेलांत गुंतला होता. फळी वाऱ्यानं एकीकडे ओढत होती, वेल खाली ओढत होते, आणि गाठ ओली होऊन दगडासारखी झाली होती. तोंड पाण्याच्या वर आलं की एक श्वास मिळायचा, मग पुन्हा खाली. खाली हिरवा अंधार होता. आवाज नव्हता. कुसुम का ओरडली नाही, ते मला त्या वेळी कळलं.

यशोदाबाईनं काठावरून रिकामी फळी पाहिली. ती कशी आली, मला माहीत नाही. पायाजवळ काहीतरी धारदार लागलं, तिचा विळा. माझ्या घोट्यावर तो वण अजून आहे. केसांना धरून तिनं मला वर ओढलं आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं, “धर वं पोरी, फळी धर, माझी मान सोड, दोघी मरू!”

तिसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन मी नागपूरला आले. आईला म्हटलं, मी राजीनामा देते. आई चुलीपुढे बसली होती. तिनं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, “नोकरी सोडशीन त मी काई म्हननार नाई. पन बापाले तूच सांग.” वडील पाळीवरून यायचे होते. त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं. आठवडा गेला. कोरा कागद समोर घ्यायचा आणि घडी घालून ठेवायचा, एवढंच चाललं होतं.

आणि एका सकाळी यशोदाबाई दारात! हातात माझ्या पत्त्याचा चिठोरा, चेहरा पांढराफटक. जन्मात पहिल्यांदा नागपुरात आली होती. एसटीतून उतरली आणि बर्डीच्या चौकात दोन तास उभी होती म्हणे. रस्ता ओलांडता येईना. सायकली, रिक्षे, ट्रक... शेवटी एका म्हातारीचा पदर धरून पलीकडे आली. आईनं पाणी दिलं तर तिनं एका दमात भांडं रिकामं केलं. “मले लय भेव लागलं वं बाई,” ती आईला म्हणाली. तळ्याच्या मधोमध उभी राहून गाणं म्हणणारी ही बाई! 

मग ती माझ्याकडे वळली. “गाठ माझी चुकली,” म्हणाली. “हे सांगाले आली.” तिची धाकटी बहीण अशीच गेली होती. पडली, फळी वाऱ्यानं दूर गेली, हाताला लागली नाही. म्हणून ती मला दोर बांधायची, म्हणून दोनदा ओढून बघायची. “एकीले दोर नव्हता म्हनून गेली, तुले दोर होता म्हनून जात होती. मी काय करू, सांग!” तिनं लुगड्याच्या ओच्यातून सुताची दोरी काढली आणि आमच्या जमिनीवर बसून मला नवी गाठ दाखवली. एका ओढीत सुटणारी. माझ्याकडून ती गाठ तिनं वीस-पंचवीस वेळा बांधून घेतली, डोळे मिटून सोडून घेतली. ‘चल’ असं एकदाही म्हणाली नाही.

दुपारी तिला बसवर सोडायला मी बर्डीला गेले. चौकात तिनं माझा हात असा घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. ट्रक आला की ती डोळे मिटायची. मी तिला रस्ता पार करून दिला. बस लागलेली होती. ती चढली, आणि मागोमाग मीही चढले. अंगावरच्या कपड्यांनिशी. ट्रंक नंतर वडिलांनी आणून दिली.

भीती गेली का? नाही. पुढची तीन वर्षं पावसाळ्यात मी त्या तळ्यावरून एकटी गेले-आले, आणि प्रत्येक सकाळी काठावर मी गाठ दोनदा सोडून बघत असे. दोनदा पडले, दोन्ही वेळा गाठ सुटली. शाळा मात्र एक दिवसही बंद राहिली नाही. पुष्पा त्याच शाळेत चौथी पास झाली. नंतर माझं लग्न झालं, बदली नागपूरला झाली. यशोदाबाईला मी शेवटची भेटले पुष्पाच्या लग्नात, यशोदाबाईच्या मुलाशीच झालं ते. तेव्हा तिला कमी दिसायला लागलं होतं. माझा चेहरा चाचपून म्हणाली, “वजन वाढलं तुमचं. आता दुसरी फळी लागन.”

कार्ड आल्यानंतरच्या रविवारी मी गेले. आता नाल्यावर पूल आहे. पुष्पा माझ्या गळ्यात पडून रडली, मग आम्ही दोघी तळ्याकडे तोंड करून ओट्यावर बसलो. मी सहज म्हटलं, “तुझी सासू वाघीण होती. भीती अशी तिला ठाऊकच नव्हती, फक्त नागपुरात घाबरली.”

पुष्पानं डोळे पुसले. “बाई, तुमाले माहीतच नाई?” ती म्हणाली. “आमचे हे सांगतात ना. तुमी फळीवर निघाल्या की बुढी ओट्याच्या ह्या खांबाले धरून उभी राहे. तुमी पल्याड पोचेपर्यंत तोंडात पानी नाई घे. तीन वर्सं. पावसात बी तशीच. तुमी पिंपळाखाली उतरल्या की मंगच चूल पेटवे. घरचे उपाशी कामाले जात, पन कोनाची बोलाची छाती नव्हती.”

मी तीन वर्षांत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. पायांकडे बघायचं नाही, मागे बघायचं नाही, असं तिनंच शिकवलं होतं.

सुजातानं या वर्षी लुना घेतली आहे. सकाळी सात वाजता ती निघते. मी गॅलरीत उभी असते. तिची ओढणी धंतोलीच्या वळणावर दिसेनाशी होते, तरी आत यावंसं वाटत नाही. यजमान आतून हाक मारतात, “अगं, चहा निवला.” मी ‘हो’ म्हणते, आणि कठडा धरून उभीच राहते.