स्थळाचा फोटो आणि सरपंचाचा फोटो

ऑडिशनला फोटो कसा पाठवावा यावर जालन्यातली नवी पोरंपोरी आता माझा सल्ला घेतात आणि मी तो ऐटीत देते. धुतलेलं तोंड, साधी भिंत, खिडकीचा उजेड, नजर थेट कॅमेऱ्यात. ऐट मारायचा मला पुरेपूर हक्क आहे, कारण या विषयात माझ्याइतकं तोंडावर कुणी आपटलेलं नाही.

मी मूळची केदारखेड्याची. लग्नानंतर जालन्यात दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमी, असं माझं चाललेलं असतं. एकदा कळलं की एका वेबसिरीजसाठी मराठवाड्यातली बाई हवी आहे, सरपंचाच्या भूमिकेसाठी. फोटो आणि स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ पाठवायचा होता. ही भूमिका माझीच, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

सुट्टीला माहेरी गेले होते, तिथून आईला घेऊन भोकरदनचा स्टुडिओ गाठला. आमच्या भागातल्या निम्म्या पोरींचे स्थळाला दाखवायचे फोटो तिथेच निघालेत, माझाही तिथलाच. फोटोग्राफरला बाईचा एकच फोटो माहीत होता आणि खरं सांगायचं तर मलाही. जरीची साडी, खुर्चीच्या पाठीवर हात, मागे आमच्या तालुक्यात कुणी बघितला नसेल असा धबधबा.

"ताई, हनुवटी खाली. जरा लाजल्यावानी हसा. बराबर!"

मग कॉम्प्युटरवर त्यानं मला गोरी केलं आणि गालावरचा तीळ पुसला. आई मागून म्हणाली, "अजून थोडी उजळ करा." माझ्या रंगावरून परत गेलेली स्थळं ती विसरली नव्हती.

व्हिडिओत तर मी कहर केला. नजर खाली, पदर सावरत पूर्ण नाव, शिक्षण, मामाचं गाव आणि स्वयंपाक सगळा येतो, हेही सांगितलं. नाटकातल्या कामांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपल्याच तोंडानं आपलं कौतुक कसं करायचं?

दुसऱ्या दिवशी मुंबईहून कास्टिंगवाल्या मुलीचा फोन आला. "मॅडम, फोटो तुमचाच आहे ना? आणि व्हिडिओ बघून आम्हाला वाटलं, आम्ही मुलगी बघायला आलोय. आम्हाला सरपंच पाहिजे हो, सून नको. जशा आहात तशा दिसा. आज संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर दुसरं नाव पुढे जाईल."

तिच्यावरचा राग थोडा वेळ टिकला, स्वतःवरचा दुपारभर. मग तोंड खसाखसा धुतलं, रोजची सुती साडी नेसले आणि पडवीतल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मोबाईल आईच्या हातात दिला. ती काही बटण दाबेना.

"पावडर तरी लाव गं. असंच तोंड पाठवून राह्यलीस, लोक काय म्हणतील?"

"तेच म्हणले, जशी आहेस तशी पाठव."

"त्यांचं काय जातंय म्हणायला? तुला नको म्हणलेलं मी ऐकलंय, याच पडवीत."

हे ती मला पहिल्यांदाच बोलली. पण मला मागे हटायचं नव्हतं. म्हटलं, "आई, ते नको म्हणले तर म्हणू दे. पण मला बघून म्हणू दे. त्या धबधब्यापुढच्या बाईला न्हाई."

तिनं बटण दाबलं. फोटोच्या एका कोपऱ्यात तिचं बोट आलं होतं, ते मी कापून टाकलं. या वेळच्या व्हिडिओत मात्र मान ताठ ठेवली. कुठल्या कुठल्या भूमिका केल्या, कुठे बक्षीस मिळालं, कुठली भाषा बोलता येते, सगळं न अडखळता सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता, मग लाजायचं कशाला? शेवटी म्हटलं, "हे काम मला येतं."

काम मिळालं. सेटवर मेकअपवाला गोऱ्या रंगाची डबी उघडायला लागला तेव्हा मीच त्याला थांबवलं. कॅमेऱ्यापुढे गेले ती माझा रंग आणि माझा तीळ घेऊन. आयुष्यात इतकं ताठ मी कधी उभी राहिले नव्हते.

सिरीज आली तेव्हा आम्ही केदारखेड्याला टीव्हीपुढे बसलो. शेजारची काकू मुद्दाम बघायला आली होती. थोडा वेळ बघून ती आईला म्हणाली, "पोरगी लईच काळी दिसून राह्यली बाई. काही लावलं न्हाई का त्या लोकांनी?"

मी आईकडे बघितलं. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"काळीच हाय ती," आई म्हणाली, "माझ्यावानी. सरपंच बोलून राह्यली, ऐकू दे मला."

आणि तिनं रिमोट उचलून आवाज वाढवला.