खडकावरच्या चपला

अणदूरच्या राजेश्वरीनं अकरा वर्षांत अकरा वेळा कोकण केलं आणि एकदाही समुद्र पाहिला नाही. हे गल्लीत आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं तिला वाटे.

नळदुर्गच्या योगीराजनं एक जुनी बस घेतली होती. बाकडी काढून दोन्ही अंगाला झोपायच्या फळ्या ठोकल्या, मागं गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि भांड्यांची मांडणी केली. अठरा माणसं आठ दिवस त्यातच राहायची. लोक त्या गाडीला चाकाचं घर म्हणत, आणि त्या घराची चूल राजेश्वरीकडं, म्हणजे सगळ्यांच्या राजाक्काकडं. गाडी थांबली की माणसं चपला घालून दर्याकडं पळत आणि राजाक्का कणीक मळायला बसे. माणसं परत येईस्तोवर पिठलं, भात, भाकरी तयार. भांडी घासून होईस्तोवर गाडी चालू.

घरी आल्यावर मात्र गल्लीतल्या बाया विचारत, "कसा हाय समुद्र?" मग राजाक्का भाकरी खाताना लोक जे बोलले, त्यातलं सांगे. "आपल्या बोरी धरणासारखी शंभर धरणं एका जागी. पाणी निवांत पडलेलं." हे बरं चाललं होतं. दोन वर्षांमागं तिच्या दिराच्या पोरीनं, सोनालीनं विचारलं, "काकू, भरती बघितली का?" राजाक्का म्हणाली, "भरती पावसाळ्यात येती बाई. आमी थंडीत जातो." पोर शिकलेली. तिनं भुवया उचलल्या, पण बोलली नाही. त्या दिवसापासून राजाक्कानं समुद्राचं नाव काढणं सोडलं.

यंदा मालवणात एक दिवस रिकामा आला. गाडीतल्या हिंमतराव गुरुजींचे व्याही जवळच्या गावात राहत. त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. डायवर हणमंतप्पा म्हणाला, "चला राजाक्का, आज आयतं गिळायचं."

"तूच गिळ माझ्या वाटचं. म्या हितंच थांबते."

"पाचला येतो. रातच्याला पिठलं टाका, गोड खाऊन तोंड बेचव व्हतंय."

गाडी गेली. राजाक्का पहिल्यांदाच रिकाम्या हातानं एका परक्या गावात उभी राहिली. हाताचं काय करावं ते कळेना, म्हणून पदर खोचला, पुन्हा सोडला. लाल चिऱ्याच्या गडग्यांमधून, बुटक्या दगडी कुंपणांमधून चालत बाजारात गेली. मासळीच्या पाट्या बघून नाकाला पदर लावला, तरी एकीला विचारलंच, की ह्याला मसाला कसला लावता. वाटेवर खाजं घेतलं. आल्याचा गूळ जिभेला लागला तशी म्हणाली, "शेवंला गूळ लावलाय हो ह्यांनी."

गल्ली संपली आणि पुढं काहीच नव्हतं. नुसतं पाणी.

ते निवांत पडलेलं नव्हतं. एकसारखं हलत होतं आणि त्याला आवाज होता. राजाक्का बराच वेळ जागची हलली नाही. मग धरणावर वाकळा धुताना करते तसंच तिनं केलं. पाण्यापासून चार हात अलीकडं एक उंच खडक होता, त्याच्या माथ्यावर चपला ठेवल्या. धरणाचं पाणी उतरलंच तर महिन्याला वीतभर उतरतं, उगं उठून माणसाच्या अंगावर येत नाही. चपला नव्या होत्या, सोनालीनं पहिल्या पगारातून सोलापूरहून आणलेल्या. अनवाणी ती लांबवर हिंडली, शिंपल्या वेचल्या, माडाखाली बसून पदराला बांधलेली भाकरी-चटणी खाल्ली, आणि दिवसाउजेडी पडून झोपली. हे तर घरीही कधी झालं नव्हतं.

उठून आली तर खडक पाण्यात. माथा तेवढा वर, आणि त्यावर दोन चपला.

जाळी निसत बसलेल्या एका म्हातारीनं तिला पदर खोचताना पाहिलं. "गो बाये, जाव नको. कंबरभर आसा. खंयसून इलंस?"

"धाराशिवकडनं."

"थंय दर्या नाय?"

"तळं हाय."

"मगे बस हयच. सांजेक उतरतला."

राजाक्का बसली. सांज म्हणजे किती वाजता? पाचला गाडी येणार. फोन काढला, घड्याळाची नेमकी वेळ एकाच माणसाला सांगता येणार होती. नंबर दाबायला तिला वेळ लागला.

"सोनाली, पाणी माघारी कवा जातंय गं?"

"कुठलं पाणी, काकू?"

"समुद्राचं. माझ्या चपला खडकावर अडकल्यात."

"पयल्यांदाच बघताय न्हवं?"

"व्हय. आदुगरच्या अकरा खेपा शेगडीम्होरं गेल्या. गल्लीत सांगत होते ते समदं दुसऱ्यांचं ऐकून."

"मला ठावं होतं. पावसाळ्यात भरती म्हणला, तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगत होता तवर आई भाकरी थापता थापता थांबायची. तिला लई ग्वाड वाटायचं." सोनालीनं मोबाईलवर मालवणच्या भरतीची वेळ पाहिली. "अडीचला भरती पुरी व्हईल. खडक अंदाजे साडेपाचला उघडा पडंल. बसा तवर. आईला फोन देऊ का? आज दिसतंय ते सांगा."

राजाक्कानं घसा साफ केला. "दे."

जाऊ आल्यावर ती सावकाश बोलू लागली. "धरणासारखा न्हाय गं. ते म्या उगंच सांगितलं. ह्यो येतो अन जातो. दळण दळताना जात्याचा आवाज येतो ना, तसा आवाज हाय. वास खारट हाय, अन..." ती थांबून पुन्हा बघून घेई, मगच पुढचं सांगे.

पाचला हणमंतप्पा हुडकत आला. "राजाक्का, माणसं भुकेजली. शेगडी पेटवायची न्हाय व्हय?"

"कांदा चिरून ठीव. अर्धा तास हाय अजून."

"कशाला?"

तिनं खडकाकडं बोट केलं. हणमंतप्पानं चपला पाहिल्या, तिच्याकडं पाहिलं, आणि कांदा चिरायला गेला.

पाणी पोटरीपर्यंत उतरलं तशी राजाक्का लुगडं सावरून आत गेली. चपला कोरड्या होत्या.