झाडूचा किस्सा आणि शेजारची खुर्ची

माझ्याकडे एकच भाषण आहे. श्रीरामपूरच्या कॉलेजात आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हे भाषण घेऊन जिल्ह्यातल्या व्याख्यानमालांत फिरू लागलो. विषय : देशाचं आर्थिक धोरण आणि रोजगार. गाव बदललं की पहिल्या वाक्यातलं गावाचं नाव बदलायचं, नवा अर्थसंकल्प आला की दोन-चार आकडे बदलायचे. बाकी मजकूर तोच. लोकांनाही तो पाठ आहे, तरी येतात. कीर्तनाला नाही का येत?

त्यात हमखास हशा मिळवणारी जागा म्हणजे झाडूचा किस्सा. सरकार म्हणतं, कंपन्यांनो, पोरांना शिकाऊ म्हणून घ्या, विद्यावेतन आम्ही देतो. कंपनी पोराला घेते, हातात झाडू देते. मुदत संपली की तोच झाडू दुसऱ्या पोराच्या हातात. "म्हणजे नोकरी पोराला नाही लागली, झाडूला लागली! तो मात्र कायम!" इथे मंडप हसतो. मग मी आवाज खाली आणून विचारतो, "वाढ टिकाऊ आणि नोकरी तात्पुरती, हे देशाला परवडेल का?" टाळ्या.

गेल्या हिवाळ्यात राहात्याचं बोलावणं आलं. निमंत्रणपत्रिकेत मी फक्त माझं नाव वाचतो, तेही बरोबर छापलंय का एवढ्यापुरतं.

शाल-नारळ झाला आणि चिटणीस माईकवर म्हणाले, "आजचे अध्यक्ष, आपल्या भागात सौरपंपांचा कारखाना काढून तरुणांच्या हाताला काम देणारे..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

माझी मुलगी त्याच कारखान्यात शिकाऊ होती. इंजिनियर होऊन दोन वर्षं घरात बसली, मग त्याच सरकारी योजनेतून लागली. तिची मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती. कायम कुणाला करायचं, हे एकच माणूस ठरवणार होता. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत हसत होता.

शेवटच्या रांगेत बायकोशेजारी मुलगी बसली होती. सकाळीच ती म्हणाली होती, "बाबा, आज झाडूचं नका ना सांगू." आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "अगं, तुझ्या कंपनीतलं कोण येतंय अर्थशास्त्र ऐकायला?" आता ती लांबून नुसती मान हलवत होती. नाही, बाबा, नाही.

बोलायला उभा राहिलो. मी सूर्याची स्तुती केली. सौरऊर्जेची केली. उद्योजकांची तर इतकी केली की चिटणीससुद्धा दचकले. झाडूची जागा आली तशी मी ती अलगद ओलांडली आणि पाणी प्यालो.

पहिल्या रांगेतले फेटेवाले आजोबा उठले. "सर, झाडूचं ऱ्हायलं!"

"वेळ कमी आहे, आजोबा."

"वेळ लई हाय. आमी त्याच्यासाठीच आलोय."

"सांगा ना सर," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले. "मीपण ऐकून आहे."

सांगितला. फक्त माझ्या किश्श्यातला पोरगा त्या दिवशी इतकं झकास झाडू लागला की मालक खूश झाले आणि त्यांनी त्याला कायम केलं. मंडपात चिटपाखरू हसलं नाही.

"आसं न्हवतं ते!" आजोबा कडाडले. "मागं श्रीरामपूरला येगळं सांगितलं तुमी!" आणि त्यांनी मंडपाकडे तोंड करून मूळ किस्सा सांगितला, जसाच्या तसा, माझ्या थांबण्याच्या जागांसकट. माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. अध्यक्षही हसले. सगळ्यांच्या नंतर, आणि जरा कमीच.

मी खाली बसलो. ते माझ्या कानाशी वाकले. "आमच्याकडे एक मुलगी शिकाऊ आहे. आडनाव तुमचंच. नात्यातली का?"

आमचं आडनाव जिल्ह्यात दर गावाला आहे, हे माझं नशीब असं त्या क्षणी वाटलं. "असेल दूरची," मी म्हणालो. "आमच्यात फार आहेत हो."

पोटची पोर. 'असेल दूरची.' जीभ कशी वळली देव जाणे. भीतीला अर्थशास्त्र कळत नाही, नातं तर नाहीच नाही.

आभारप्रदर्शन संपलं. अध्यक्ष माझा हात हातात घेऊन निरोप घेत होते, तेवढ्यात मुलगी स्टेजच्या पायरीशी आली. साहेबांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "बाबा, चला. आईला थंडी वाजतेय."

अध्यक्षांनी माझा हात सोडला. तो तसाच हवेत राहिला.

महिनाअखेरपर्यंत घरात मी चोरासारखा वावरलो. फोन वाजला की मोरीत जायचो. शेवटच्या दिवशी तिला केबिनमध्ये बोलावलं. काढलं नाही, कायमही केलं नाही. आणखी सहा महिने शिकाऊ.

"बाकी काही म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुमचे दूरचे नातेवाईक बरे आहेत ना?" ती हसली नाही. चप्पल काढून सरळ आत गेली.

भाषणाला इतकं चपखल उदाहरण मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं, आणि ते देता येत नाही. सहा महिने व्हायचेत अजून. परवा कोपरगावचं बोलावणं आलं. या वेळी पत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली. अध्यक्षांच्या नावाच्या जागी नुसती टिंबं आहेत. तेव्हापासून मला जेवण जात नाही.