बारावी ताटली

शकुंतलाबाई खानझोड्यांना जबलपुरातली सगळी रांझी वस्ती शकुवहिनी म्हणते. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तरणीताठी. भाजीवाल्याला हिंदीत झापतील आणि देवाला मराठीत. घरात एकाच ठिकाणी त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, तो काचेच्या कपाटासमोर. त्यात बारा ताटल्या होत्या.

ताटल्या चिनी मातीच्या, सासऱ्यांच्या हातच्या. सासरे म्हणजे बापू, जबलपुरातल्याच एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात चितारी होते. अठ्ठावन्न साली त्यांनी टाकाऊ मालातून बारा पांढऱ्या ताटल्या मागून आणल्या आणि त्यांच्यावर घराण्याचा सगळा प्रवास काढला. पहिलीवर अचलपूरचं घर. दुसरीवर सामान लादलेली बैलगाडी. पाचवीवर बापूंचे वडील, तोफगाड्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी डबा घेऊन उभे. सातवीवर नर्मदेच्या ग्वारीघाटावर दिवा सोडणारी आजी. आणि बारावीवर रांझीच्या या घराचा ओटा, ओट्यावर बसलेलं अख्खं कुटुंब, आणि बापूंच्या अगदी बाजूला हिरवंगार तुळशीवृंदावन.

शकु लग्न होऊन आली शहात्तर साली. आल्याच्या आठवड्यातच बापूंनी पेटी उघडून एकेक ताटली तिच्या हातात दिली. आठ वर्षं ती पेटी बंद होती म्हणे. काहून, ते कोणी सांगितलं नाही, आणि नव्या नवरीनं विचारायचं नसतं.

"सूनबाई, भट्टीतून निघालेला रंग मरत नाही," बापू म्हणाले. "न भाजलेला रंग नुसता डिंकावर उभा असतो. पाणी लागलं की चालला. या ताटल्या दर दिवाळीला धुवायच्या. बाराही. एकही सोडायची नाही."

पहिल्या दिवाळीला शकुनं अकरा ताटल्या लख्ख धुतल्या. बारावीवर पाणी घातलं आणि तुळशीचं एक पान तिच्या अंगठ्याला लागून आलं. अरे देवा! पोरीची पाचावर धारण बसली. बावीस वर्षांची ती, लग्नाला सहा महिने झाले नव्हते, आणि सासऱ्यांचं चित्र हातून बिघडलं! तिनं ताटली पदरानं टिपली आणि गुपचूप ठेवून दिली.

संध्याकाळी बापूंनी विचारलं, "बाराही धुतल्या?"

"हो, बापू."

त्यांनी बारावी ताटली उचलली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिले. मग परत आणून ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले.

पुढच्या दिवाळीला तोच प्रश्न, तेच उत्तर. त्याच्या पुढच्याही. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बापू गेले, तोवर आठ दिवाळ्या झाल्या. आठही वेळा शकु खोटं बोलली आणि आठही वेळा म्हातारा ताटली घेऊन खिडकीशी गेला. त्यांच्या माघारी शकुवहिनींनी घरात नियमच करून टाकला, बारावीला पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्यानं पुसायची. लोकांना वाटायचं, काय सासऱ्यांवर भक्ती!

आता इंदूचं सांगायला हवं. इंदू बापूंची धाकटी लेक, शकुची नणंद. अडुसष्ट साली तिनं ऑफिसातल्या एका हिंदी बोलणाऱ्या, परजातीच्या क्लार्कशी कोर्टात लग्न केलं. बापूंनी चारचौघांत सांगितलं, "आजपासून मला मुलगी नाही." घराचं दार तिला बंद झालं. शकुचा नवरा पुंडलिक सख्खा मोठा भाऊ, पण बहिणीचं नाव निघालं की पेपर तोंडापुढे धरायचा. पाच वर्षांपूर्वी तोही गेला, पेपर काही खाली आला नाही. आणि ही इंदू राहायची कुठं? इथंच, ओमतीला. ऑटोनं अर्धा तास!

शकुला ती एकदाच भेटली होती, तीसेक वर्षांपूर्वी कमानिया गेटच्या गर्दीत. स्वतःहून थांबली आणि म्हणाली, "वहिनी, मी इंदू. ताटल्या आहेत का अजून? बारावीवर बापूंच्या बाजूला मी होते, रंगाची वाटी धरून."

"तिथं तर तुळस आहे, इंदूताई," शकु बोलून गेली.

इंदूचा चेहरा पडला. "अच्छा," म्हणाली आणि गर्दीत निघून गेली. त्यानंतर ना निरोप, ना चिठ्ठी. तुळशीखाली कोण आहे ते शकुला तेव्हा कळलं. पण बापूंनी झाकलं, त्यात आपण कोण हात घालणार, असं म्हणून तिनं तोही विषय कपाटात ठेवून दिला.

यंदाच्या दिवाळीआधी नव्यानंच लागलेल्या कामवाल्या अंजनीनं कपाट आवरायला काढलं. शकुवहिनी देवघरात होत्या. बाहेर येऊन पाहतात तर बारावी ताटली नळाखाली, वर साबणाचा फेस!

"अगं बये, काय करून राहिली तू!" त्या ओरडल्या. "हात तुटले का तुझे?"

"अम्मा, हमने तो बस धोया," अंजनी रडकुंडीला आली. "लेकिन देखो ना, नीचे कोई बच्ची है."

होती. अकरा वर्षांची पोर, दोन वेण्या, लाल फिती, हातात रंगाची वाटी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी भट्टीत भाजलेली, तशीच्या तशी. पायांवर तेवढा हिरवा थर उरला होता.

शकुवहिनींनी नळ बंद केला. न भाजलेला रंग पाणी लागलं की चालला. हे बापूंहून जास्त कोणाला ठाऊक होतं? लेकीवर तुळस काढली तेव्हा ते कारखान्यात होते, भट्टी हाताशी होती, निवृत्तीला आणखी पाच वर्षं होती. पक्की करायची असती तर दुसऱ्याच दिवशी केली असती. चारचौघांत दिलेला शब्द त्यांना स्वतःच्या हातानं पुसता येत नव्हता, म्हणून त्यांनी नव्या सुनेच्या हाती ताटली दिली. बाराही धुवायच्या. एकही सोडायची नाही. आणि दर दिवाळीला खिडकीशी जाऊन ते काय पाहत होते, हे शकुवहिनींना आता कळलं. त्या मोठमोठ्यानं रडल्या. अंजनी बिचारी ताटली धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ताटली साडीत गुंडाळून त्या ओमतीला गेल्या. इंदू आता अठ्ठ्याहत्तरची, काठी घेऊन चालणारी. शकुवहिनींनी दारातच सगळं सांगून टाकलं, काही राखलं नाही. "बापूंनी तुम्हाला पुसलं नव्हतं, इंदूताई. मी धुतलं नाही. घाबरले हो मी. आणि मग घाबरतच राहिले."

इंदूनं ताटली मांडीवर घेतली. त्या पोरीच्या वेण्यांवरून बोट फिरवलं.

"दर दिवाळीला विचारायचे?"

"दर दिवाळीला."

"आणि तुम्ही काय सांगायच्या?"

"धुतल्या म्हणून."

 इंदू म्हणाली, "म्हणजे बापूंना वाटलं असेल, हा रंग आता धुऊनही जात नाही. तेच मनात घेऊन गेले असतील ते."

  इंदू काठी टेकत उठली, ताटली घेऊन नळाशी गेली आणि पायांवरचा उरलेला हिरवा रंग अंगठ्यानं धुऊ लागली. "वहिनी, जरा धरा," ती म्हणाली. "माझा हात कापतो."

शकुवहिनींनी दोन्ही हातांनी ताटली धरली.