आपा आणि रक्ताची बाटली

आमच्या गल्लीतल्या आपांइतका हट्टी माणूस उभ्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. आपा म्हणजे जंतू तपासणाऱ्या डॉक्टर. इथल्याच एका दवाखान्याच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा. साध्या सर्दीला कुणी मेडिकलमधून अँटिबायोटिकची गोळी आणली, की ते आपांना कसं कोण जाणे कळायचं आणि त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. पर्समध्ये कायम एक छोटी मोजपट्टी. जंतू वाढवलेल्या थाळीत औषधाच्या चकतीभोवती जंतू मरून केवढं मोकळं वर्तुळ पडलं, हे मोजायची त्यांना इतकी सवय, की माझ्या बहिणीच्या डोहाळजेवणात त्यांनी पानातला पापडही मोजला आणि तो बराबर गोल न्हाई असा निकाल दिला.

त्याच बहिणीला बाळंतपणानंतर ताप चढला. आपांच्याच दवाखान्यात वरच्या अतिदक्षता कक्षात तिला ठेवलं; रक्तात जंतू शिरले होते. ती अर्धवट बरळायला लागली. औषध सुरू झाल्यावर काढलेल्या रक्तातले जंतू बाटलीत वाढतीलच असं नसतं, म्हणून त्याचा पहिला थेंब जायच्या आत आपांनी रक्त काढायला लावलं आणि बाटल्या स्वतः खाली नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत जंतू वाढल्याचं यंत्रानं कळवलं. कोणतं औषध लागू पडेल हे नेहमीच्या रीतीनं कळायला आणखी दोन दिवस गेले असते, आणि बहिणीकडे तेवढा वेळ दिसत नव्हता. आपांनी बाटलीतलं रक्त थेट थाळीत पसरलं, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या आणि दुपारीच मोजायला बसल्या. पण वर्तुळाची कड नीट उमटली नव्हती. आमच्या भाऊजींनी हात जोडले. निदान अंदाज तरी सांगा म्हणाले.

"अंदाज माझ्याकडं भेटत न्हाई, जावईबापू. थांबा."

जेवणाचा डबा तसाच ठेवून त्या थांबल्या. संध्याकाळी पुन्हा मोजलं आणि दुखरे गुडघे घेऊन जिना चढून वर आल्या. चालू औषधाला हे जंतू जुमानत नाहीत, त्यांनी बहिणीच्या डॉक्टरांना सांगितलं. कोणतं द्यायचं तेही सांगितलं, आणि नवी सलाईन लागेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. दोन दिवसांनी बहिणीनं लेकरू मागितलं.

घरी सोडलं त्या दिवशी मी पेढे घेऊन खाली गेलो. आपांनी एक उचलला, पण खाल्ला नाही. बहिणीच्या शेजारच्या खाटेवर सेनगावचे एक आजोबा होते, ते पहाटे गेले होते.

"त्यांचं रक्त माझ्याकडं आलं तवा औषध आधीच चालू झालतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाटलीत काहीच वाढलं न्हाई. मला मोजायलाच मिळालं न्हाई."

मग त्यांनी लेकराचं वजन विचारलं.