'निःशब्द'मधली बडबड

चार खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवलं की दोन गोष्टींचे ढीग साठतात: धुवायच्या चादरी आणि किस्से. चादरी निदान धुऊन तरी निघतात! पुणं सोडून मी आणि माझा नवरा सुधीर, आम्ही पारनेरच्या माळावर हे दुकान मांडलं, त्याला सहा वर्षं झाली. एकेक नमुना सांगते.

* * *

नावापासूनच माती खाल्ली. सुधीरनं हट्टानं पाटी रंगवून घेतली, 'निःशब्द'. पुणेकर नावावरच भाळतील म्हणे!

त्याच आठवड्यात सुप्याकडचे एक आजोबा चौकशीला आले. "मुक्या पोरांची शाळा हीच का?"

सुधीरनं त्यांना पाणी दिलं, समजावलं, "आजोबा, हे गेस्ट हाऊस आहे. इथं लोक शांत बसायला येतात."

आजोबांनी तांब्या खाली ठेवला. "म्हंजे बोलता येतंय, तरीबी पैसं देऊन गप बसत्यात?"

* * *

आमचं स्वयंपाकघर शेजारच्या वस्तीवरच्या हौसाबाईंच्या ताब्यात. एकदा काखेत योगा मॅट घेतलेल्या एक मॅडम चुलीपाशी आल्या. "मावशी, भाकरी ऑरगॅनिक आहे ना?"

"न्हाई बया, बाजरीची हाय."

"आणि ग्लूटेन?"

हौसाबाईंनी भाकरी उलटली. "तुमी आनलं आसंल तर घालते."

* * *

एक गृहस्थ 'निसर्गाच्या कुशीत' आले आणि पहाटेच तणतणत ऑफिसात. तक्रार काय, तर मोर ओरडतो! "त्याला आठनंतर नाही का ठेवता येणार?"

मी हाकलूनच देणार होते. पण सुधीरनं वीस वर्षं कस्टमर केअरमध्ये काढलीत. खोड जात नाही. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सर," म्हणाला आणि रजिस्टरमध्ये तक्रार लिहून घेतली.

गृहस्थ खूश! मोर दुसऱ्या दिवशीही पाचलाच ओरडला.

* * *

सगळ्यात डोक्यात जातात ते हेवा करणारे. एक काका त्यांच्या खोलीबाहेरच्या झोपाळ्यावर बसून उसासे टाकत होते, "किती शांत आयुष्य आहे हो तुमचं! आम्ही नुसते राबतोय."

मी त्या वेळी कोपरापर्यंत हात घालून मोरीत तुंबलेले केस काढत होते. त्यांच्याच खोलीतल्या मोरीतले!

* * *

मागच्या हिवाळ्यात मोबाईलवर एक बुकिंग आलं. नाव मी दोनदा वाचलं. माझे जुने साहेब! कंपनीनं माणसं कमी करायची ठरवली तेव्हा यादी ह्यांनीच केली होती. त्यात माझं नाव तिसरं. "पर्सनली घेऊ नकोस," असं वर म्हणाले होते. लोकांना मी सांगते, मातीच्या ओढीनं आले. ओढ कसली, धक्का होता तो!

साहेब सपत्नीक आले. मला पाहून जराही चपापले नाहीत. "बघ, तुझं भलंच झालं की नाही?" आणि बायकोकडे वळून, "माणसं पारखायला नजर लागते."

मग त्यांना शेतीचा 'एक्स्पीरियन्स' हवा झाला. हौसाबाईंच्या सासऱ्यांचं, तात्यांचं, कांद्याचं रान कुंपणाला लागूनच आहे. खुरपणी चालू होती. तात्यांनी लव्हाळ्याची काडी उपटून दाखवली. "ह्ये गवात. दिसतं कांद्यावानी, पर ह्येच काडायचं. कांदा ऱ्हाऊ द्यायचा."

"समजलं, समजलं," म्हणत साहेब खुरपं घेऊन वाफ्यात बसले.

तासाभरानं मी चहा घेऊन गेले. एक अख्खा वाफा साहेबांनी एकट्यानं उरकला होता. बांधावर कोवळ्या कांद्यांचा ढीग होता आणि वाफ्यात लव्हाळा ऐटीत डुलत होता.

तात्या ओरडले नाहीत. ढिगातला एक कांदा उचलून त्याची माती झटकली.

"सायेब, हापिसात निवडायचं काम तुमच्याकडंच हुतं का?"

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "साखर किती, सर?"