सावळारामचा शेतातला पाय

दुसरे लोक घरात शिरताना वहाणा काढतात, सावळाराम पाय काढायचा. ओट्यावर बसून पट्टे सोडायचा, आधी तो लाकडी पाय धुवायचा आणि मग उरलेला स्वतःचा. पहिल्याच दिवशी मी टक लावून पाहतोय हे बघून म्हणाला, "मास्तर, ह्यो आपला पाव्हना हाय. पाव्हन्याला आदी पानी नको?"

एकोणीसशे चाळीसच्या आसपास मुरबाडपलीकडच्या त्या गावात मी शाळेवर रुजू झालो आणि त्याच्याच पडवीत राहू लागलो. शहापूरच्या जंगलात गाडी भरताना सागाचा ओंडका त्याच्या अंगावर आला होता. मुंबईच्या इस्पितळात डावा पाय गुडघ्याखाली कापला आणि पुढे तिथूनच बूट चढवलेला, चकचकीत पाय मिळाला. सुरुवातीला चार पावलांत खुंटातून रक्त यायचं. तरी पठ्ठ्याचं चालूच, ओट्यापासून विहिरीपर्यंत आणि परत. वर आम्हालाच धीर द्यायचा, "रगत येतंय म्हंजे मानूस जिता हाय!"

पण त्याचं शेत कुळाचं होतं. दोन वर्षं ते भावाने सांभाळलं. तिसऱ्या वर्षी मालकाचा कारभारी येऊन बजावून गेला, की यंदा भातलावणीआधीच्या चिखलणीला नांगर सावळारामने स्वतः धरला, कुणाचा हात न घेता, तरच शेत त्याच्याकडे राहील. नाहीतर दुसरं कूळ तयार आहे. मी शहाणा! मी त्याला म्हणालो, "सोड रे, बसून करायचं काहीतरी बघ." तीन दिवस तो मला टाळून विहिरीच्या फेऱ्या मारत राहिला. चौथ्या दिवशी म्हणाला, "बसून फकस्त जेवायचं असतं, मास्तर." मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

बुटाचा पाय घालून तो खाचरात उतरून पाहायला गेला आणि फसला. पाय राहिला चिखलात, पायाचा मालक आला बांधावर! मग त्याने बाभळीचा पाय स्वतः तासला आणि खाली गोल फळी ठोकली. फळी रुतेना, पण चिखलाला अशी चिकटे की उचलता येईना. त्याची बायको भागीवहिनी ताक घुसळत होती. ती करवादली, "माझी रवी बघा! घट्ट दह्यातून कशी सुटून येते? तिला खाचा हायेत. तुमच्या फळीला हायेत का?" सावळारामने तिच्या हातातली रवीच मागून घेतली. संध्याकाळपर्यंत फळीला रवीसारख्या खाचा पडल्या होत्या.

चिखलणीच्या दिवशी कारभारी छत्री घेऊन बांधावर उभा राहिला. सारं गाव जमलं. पहिल्या फेरीतच सावळाराम आडवा झाला. मी धोतर खोचून धावलो, तर चिखलातूनच ओरडला, "मास्तर, मागं व्हा! हात लावाल तर शेत जाईल माझं!" मी मागे सरलो. नांगराच्या रुमण्याला धरून तो उठला. पुन्हा पडला, पुन्हा उठला. वहिनी रडत होती आणि रडतारडताच बैलांना शिव्या घालत होती. दुपार कलता कलता अखेरची फेरी संपली. पट्ट्याखालचा खुंट सोलून निघाला होता, पण खाचर लोण्यासारखं झालं होतं.

"बरं, यंदा शेत तुझ्याकडेच," कारभारी तोंड वाकडं करून म्हणाला.

"यंदा नाय, कारभारी. हात हायेत तवर दरसाल."

कारभारी रागाने वळला, बांधावरून घसरला आणि गुडघ्यापर्यंत रुतून बसला. एक पाय उपसावा तर दुसरा आत जाई. गावाने हसू दाबलं. सावळाराम डुगडुगत त्याच्यापाशी गेला आणि हात पुढे करून म्हणाला, "धरा. दोन पाय असले की असंच व्हतं."

मी आयुष्यभर पोरांना शिकवलं, पण एवढ्या अभिमानाने ऊर भरून आला तो त्या बांधावरच.